दारावरचे वासंतिक कडे : द्राक्षाच्या काड्यांपासून, थोडक्या खर्चात

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : दारावर टांगायची गोल सजावट, जिला आता सर्रास रीथ म्हटले जाते, ती बाजारात हजार रुपयांच्या घरात जाते, तिच्यातली प्लास्टिकची फुले एका उन्हाळ्यात फिकी पडतात, आणि आपल्याला पाडव्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत टिकेल अशी वस्तू घरच्या घरी, थोडक्या पैशांत करायची आहे. आपला फ्लॅट नाशिकमध्ये आहे, दार पश्चिमेकडे उघडते आणि त्याच्या बाहेर जाळीचे सेफ्टी डोअर आहे, हेही आपण कळवले आहे. या दोन्ही तपशिलांमुळे उत्तर बरेच बदलते, म्हणून मी ते सुरुवातीपासून विचारात घेते. सजावटीचे काम अनेक वर्षे करताना आणि शिकवताना माझे एक मत पक्के झाले आहे : सगळे कष्ट सांगाड्यावर घ्यावेत आणि फुलांवर पैसा जवळपास खर्चूच नये. सांगाडा नीट वळलेला असेल तर त्यावर गव्हाच्या चार ओंब्या बांधल्या तरी दार सजते. सांगाडा ओबडधोबड असेल तर महागडी फुलेही तो दोष झाकू शकत नाहीत.

सांगाड्यासाठी आपल्याकडे जे आहे ते इतर शहरांतल्या लोकांना सहज मिळत नाही. द्राक्षाचा हंगाम संपला की मार्चअखेरीपासून एप्रिलभर निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात खरड छाटणी सुरू होते. ज्या काड्यांवर यंदा घड आले, त्या एक-दोन डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या गाठी, राखून कापल्या जातात आणि बागेत काड्यांचे ढीग पडतात. काही बागायतदार त्या बारीक करून मातीत मिसळतात, काही बांधावर नेऊन जाळतात. आदल्या दिवशी विचारून गेलात तर एक मोळी द्यायला सहसा कोणी नकार देत नाही. युरोप-अमेरिकेतही घरगुती रीथसाठी द्राक्षवेलीचा सांगाडा पूर्वापार वापरला जातो, कारण ताजी काडी मोडल्याशिवाय वाकते आणि वाळल्यावर तोच वाक धरून ठेवते. म्हणजे परदेशी दुकानात जो सांगाडा विकत घ्यावा लागतो, तो आपल्या जिल्ह्यात ऐन वसंतात बांधावर पडलेला असतो.

काड्या निवडताना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, म्हणजे साधारण सहा ते आठ मिलिमीटरच्या, आणि किमान सव्वा मीटर लांबीच्या दहा-बारा काड्या घ्याव्यात. शिवाय बारीक, लवचीक अशा आणखी सात-आठ घ्याव्यात, त्या शेवटी गुंडाळण्यासाठी लागतात. बोटाएवढी जाड काडी घेऊ नये, ती वाकताना डोळ्याशी मोडते. काडीवर टोचल्यासारखी छिद्रे किंवा भुगा दिसला तर ती तिथेच टाकून द्यावी, कारण आत किडा असेल तर तो घरात येतो. काड्यांवर वळलेली तारेसारखी तणावे असतात, ज्यांना बागायतदार बाळ्या म्हणतात. त्या काढून टाकू नका. कडे पूर्ण झाल्यावर याच बाळ्या बाहेर डोकावतात आणि त्यांच्यामुळे ते वेलीचे आहे हे लांबूनही ओळखू येते. पाने मात्र सगळी खुडावीत.

पुढची पायरी अनेक जण टाळतात, पण ती टाळू नये. द्राक्षबागेवर हंगामभर बुरशीनाशकांच्या आणि कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात. मोरचूद आणि चुन्यापासून करतात त्या बोर्डो मिश्रणाचा निळसर थर तर काडीवर डोळ्यांना दिसतो. म्हणून काड्या हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, त्या बाहेर मोरीत किंवा अंगणात ब्रशने आणि भरपूर पाण्याने दोनदा धुवाव्यात, आणि हे काम लहान मुलांना देऊ नये. धुऊन झाल्यावर काड्या पिंपात किंवा टाकीत बुडवून ठेवाव्यात. त्याच दिवशी कापलेल्या असतील तर दोन-तीन तास पुरतात; दोन दिवस उन्हात पडलेल्या असतील तर रात्रभर भिजवाव्यात. आठवडाभर वाळलेली काडी कितीही भिजवली तरी पहिल्यासारखी वाकत नाही, तिच्यामागे वेळ घालवू नये.

आता माप. फुलांची सजावट शिकवताना कड्यासाठी एक प्रमाण वापरले जाते : कड्याची एका बाजूची रुंदी एक भाग, मधले भोक सुमारे १.६ भाग आणि दुसऱ्या बाजूची रुंदी पुन्हा एक भाग. आपल्यासाठी हे सोपे करून सांगायचे तर १० सेंटिमीटर, १६ सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटर, एकूण बाहेरचा व्यास ३६ सेंटिमीटर. सुमारे मीटरभर रुंदीच्या दारावर हा आकार भरीव दिसतो आणि अंगावर आल्यासारखा वाटत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की हे माप सजावटीसह आहे. नुसत्या काड्यांचे कडे पाच-सहा सेंटिमीटर जाड झाले की थांबावे, कारण ओंब्या आणि फुले दोन्ही कडांना आपली जागा घेतातच, आणि सुरुवातीलाच दहा सेंटिमीटर जाडी केली तर शेवटी मधले भोक बुजून जाते. भोक बुजलेले कडे दारावर थापलेल्या गठ्ठ्यासारखे दिसते. आपल्या दाराला डोळा, म्हणजे पाहुणा पाहण्याची काच, असेल तर ती भोकात येईल अशा उंचीवर कडे टांगता येते, आणि ती सोय उपयोगाचीही आहे.

सेफ्टी डोअरचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवावा. लाकडी दार आणि जाळीचे दार यांच्यामधली मोकळी जागा बहुतेक फ्लॅटांत फार थोडी असते. दोन्ही दारे बंद करून, आतल्या दाराची मूठ किती पुढे येते तेही धरून, ही जागा पट्टीने मोजावी आणि कड्याची खोली तिच्यापेक्षा किमान दोन सेंटिमीटर कमी ठेवावी. जागा सात-आठ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर आतल्या दाराचा नाद सोडावा आणि कडे जाळीच्या दारावर बाहेरच्या बाजूने लावावे. मला स्वतःला हाच पर्याय जास्त पसंत आहे. जाळीला टांगणे सोपे असते, खिळा ठोकावा लागत नाही, आणि जिना चढून येणाऱ्या माणसाला ते दार बंद असतानाही दिसते.

वळण्याची रीत अशी. वीस लिटरची बादली उपडी ठेवावी. तळाकडे तिचा घेर कमी असतो आणि तिथे सुमारे २६ सेंटिमीटर व्यास मिळतो. बादली नसेल तर तेवढ्या मापाचे पातेले चालते. या व्यासाचा परीघ सुमारे ८२ सेंटिमीटर होतो, म्हणजे सव्वा मीटरची काडी त्याभोवती दीड फेरा घेते. पहिल्या तीन काड्या एकत्र धरून, पण त्यांची जाड टोके एका जागी न आणता वीस-वीस सेंटिमीटर मागेपुढे ठेवून, बादलीभोवती हळूहळू वळवाव्यात. काडी एका झटक्यात वाकवू नये. आधी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी तिला इंचाइंचाने दाबत न्यावे, म्हणजे आतले तंतू सैल होतात. हे मूळ कडे चार ठिकाणी सुतळीने तात्पुरते बांधून बादलीवरून काढावे. पुढची प्रत्येक काडी घेताना तिचे जाड टोक कड्याच्या काड्यांमध्ये खुपसायचे, उरलेली काडी कड्याभोवती तिरकी पीळ घालत न्यायची आणि शेंडा पुन्हा आत खोचायचा. सर्व काड्या एकाच दिशेने गुंडाळाव्यात, आणि प्रत्येक काडीची सुरुवात आधीच्या काडीपासून हातभर पुढे करावी, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. पाच-सहा जाड काड्या झाल्यावर थांबून जाडी पाहावी. शेवटी बारीक काड्यांचा फेरा दिला की मूळ बांधणी झाकली जाते. सुतळी आत्ताच काढू नये.

हे ओले कडे जमिनीवर सपाट ठेवून त्यावर पाट ठेवावा आणि पाटावर थोडे वजन. सावलीत तीन-चार दिवस गेले की ते वाळते. पाट ठेवला नाही तर वाळताना एक बाजू उचलली जाते आणि दारावर ते कायम एका अंगाला झुलत राहते. वाळताना काड्या आक्रसतात, त्यामुळे बांधणी सैल पडलेली दिसेल. तेव्हा सुतळी काढून त्याच चार जागी बांधकामावर वापरतात ती बाइंडिंग तार, २० गेजची, पक्की पिळून टाकावी आणि तिची टोके काड्यांमध्ये दडवावीत. ही तार हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळते आणि शंभर ग्रॅममध्ये आपले सगळे काम भागून उरते.

ज्यांना द्राक्षाच्या काड्या मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मधुमालतीच्या किंवा जाईच्या जुन्या वेलीची छाटणी याच रीतीने वापरता येते. कोकणात किंवा मावळात भाताचा पेंढा मिळतो. तो ओलसर करून चुंबळ वळतात तसा वळावा आणि वरून सुतळीचे घट्ट वेढे द्यावेत, त्याचे कडे हलके आणि मऊ होते व त्यात काहीही टोचून बसवता येते. बुरुडाकडून बांबूची एक सेंटिमीटर रुंदीची कामटी घेतली तर तिची टोके दहा सेंटिमीटर एकावर एक ठेवून तारेने बांधावीत. बोगनवेलीच्या फांद्या काट्यांमुळे आणि खोक्याचा पुठ्ठा ओल धरून वाकतो म्हणून, हे दोन्ही मी सुचवत नाही.

सजावटीकडे वळताना आधी चिकटवण्याविषयी बोलले पाहिजे, कारण पश्चिमेच्या दारावरची बहुतेक कडी तिथेच फसतात. ग्लू गनने काम झटपट होते आणि म्हणूनच ती सगळीकडे सुचवली जाते, पण तिचा गोंद उष्णतेने वितळणाराच असतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचे तापमान चाळिशीच्या आसपास जाते आणि दुपारच्या उन्हात जाळीचे लोखंडी दार त्याहून पुष्कळ तापते. अशा दारावर गोंद मऊ पडतो आणि जड वस्तू एकेक करून गळायला लागतात. फेव्हिकॉल उन्हाला टिकतो, परंतु तो वाळेपर्यंत वस्तू तासन् तास धरून ठेवावी लागते आणि ओल लागली की तो पुन्हा सुटतो. म्हणून कापडाच्या पाकळीसारख्या हलक्या वस्तूंपुरता फेव्हिकॉल वापरावा आणि बाकी सर्व काही बांधावे. २४ किंवा २६ गेजची बारीक तार, अथवा गोधडी शिवण्याचा जाड दोरा, यांपैकी काहीही चालते. बांधलेल्या वस्तूचा दुसरा फायदा असा की ती सोडवता येते, आणि तेच कडे पुढे गणपतीला किंवा दिवाळीला नव्या सजावटीसह वापरता येते.

बांधणीचे मूळ तंत्र जुडीचे आहे. चार-पाच ओंब्या किंवा पाने एकत्र धरून त्यांचे देठ तीन सेंटिमीटरवर कापायचे, देठांना तारेचे दोन वेढे द्यायचे आणि उरलेल्या तारेने ती जुडी कड्यावर आडवी बांधायची. पुढची जुडी आधीच्या जुडीचे देठ झाकेल अशी, सहा-सात सेंटिमीटर मागे ठेवायची, आणि सगळ्या जुड्यांचे शेंडे एकाच दिशेला राखायचे. शेवटच्या जुडीचे देठ उघडे राहतात, तिथे एक मोठे फूल किंवा कापडाची गाठ बसवायची. पूर्ण कडे भरण्याची गरज नाही. माझ्या मते ते भरूच नये. घड्याळात पाच ते नऊचे आकडे जिथे असतात, तेवढाच भाग सजवावा, सातच्या जागी सर्वांत भरीव आणि दोन्ही टोकांकडे निमुळता. सामान निम्म्याहून कमी लागते, वजन कमी होते आणि वेलीचा पीळ मोकळा दिसतो, ज्यासाठी आपण एवढे कष्ट घेतलेले असतात.

आता सामानाविषयी. फाल्गुन-चैत्र हा आपल्याकडे पानगळीचा, फुलोऱ्याचा आणि रब्बीच्या काढणीचा एकत्र काळ असल्यामुळे झाडाखाली आणि शेताच्या कडेला जे मिळते ते विकतच्या सामानापेक्षा वरचढ असते. सर्वांत आधी गव्हाच्या ओंब्या घ्याव्यात. काढणीच्या वेळी वीतभर देठासह कापलेल्या पन्नास-साठ ओंब्या पुरतात. त्यांचा फिका सोनेरी रंग पॉलिश केलेल्या तपकिरी दारावर फार उठून दिसतो आणि उन्हाने उडत नाही. दाराला धान्य बांधण्याची कल्पना आपल्याला परकी नाही; कोकणात भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह बांधून ती जुडी दारावर लावतात, तिला नवे म्हणतात. ग्रीसमध्ये १ मे रोजी रानफुलांचे कडे करून दारावर टांगण्याची प्रथा आहे, आणि तिथे ते वाळलेले कडे जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाला पेटवलेल्या आगीत टाकतात. ऋतूची वस्तू ऋतूबरोबर जाऊ द्यायची हा विचार मला फार योग्य वाटतो, आणि सजावट बदलती ठेवावी असे मी म्हणते त्यामागेही तोच विचार आहे.

ओंब्यांच्या जोडीला झाडांच्या वाळलेल्या शेंगा आणि बोंडे घ्यावीत. शिरीषाच्या चपट्या, गवती रंगाच्या शेंगा या दिवसांत झाडावर खुळखुळत असतात. महोगनीची फळे उकलून पडतात, त्यांची जाड लाकडी कवचे पाकळ्यांसारखी मांडली की एक मोठे फूल तयार होते. नीलमोहराची, म्हणजे जॅकरंडाची, चपटी गोल फळे दोन शकलांत उघडतात आणि तशीच बसवता येतात. सुरूची लहान फळे, निलगिरीची बोंडे, कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीवर राहिलेली रिकामी बोंडे, सागाची फुगीर फळे, असे पुष्कळ काही आहे. हे सगळे घरात आणण्यापूर्वी झटकून, दोन दिवस कडक उन्हात ठेवून मगच वापरावे, म्हणजे किडे आणि अंडी राहत नाहीत. झाडावरून तोडू नये. खाली पडलेलेच पूर्ण पिकलेले आणि वाळलेले असते.

काही वस्तू मात्र कितीही सुंदर दिसल्या तरी घेऊ नयेत. खाजकुइलीच्या शेंगांवरची सोनेरी लव मखमलीसारखी दिसते, पण तिचा स्पर्श झाला तर अंगाला असह्य खाज सुटते आणि ती लव वाऱ्यानेही उडते. गुंजेच्या लाल-काळ्या बिया विषारी आहेत. कड्यावरून गळलेली बी मुलाने चावली तर जिवावर बेतू शकते. कण्हेरीची पाने-फुलेही विषारीच. रस्त्याकडेचे गाजरगवत वाळल्यावर दुरून जिप्सीच्या बारीक फुलांसारखे वाटते आणि म्हणून काही जण ते भरीला वापरतात, परंतु त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो; ते दारावर आणूच नये.

रंग हवा असेल, आणि वसंताच्या सजावटीला तो हवाच, तर तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग रंग धरून वाळणाऱ्या फुलांचा. बोगनवेलीची रंगीत पाने मुळातच कागदासारखी असतात, ती झुपक्यांसह कापून उलटी टांगून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत वाळवली तर त्यांचा गुलाबी किंवा जांभळा रंग बराच काळ राहतो. बटनाचे फूल, ज्याला रोपवाटिकेत गॉम्फ्रेना म्हणतात, तेही असेच वाळते. शेवंती आणि झेंडू वाळवता येतात, त्यांचा रंग गडद होतो पण जात नाही. पळसाची फुले दिसायला कितीही मोहक असली तरी वाळल्यावर काळपट पडतात, त्यांचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने करावा, तो पुढे येतो.

दुसरा मार्ग मक्याच्या सोपटांचा, आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. कणसे विकणाऱ्या गाडीवर सोपटांचा ढीग टाकून दिलेला असतो. त्यातली आतली, मऊ आणि पांढुरकी सोपटे वेचून घ्यावीत, धुवावीत आणि रंगवावीत. रंग घरचाच करता येतो. पळसाची मूठभर वाळलेली फुले लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो. होळीचा रंग पूर्वी याचाच करीत. कांद्याची टरफले, जी लासलगावच्या आसपास कोणाकडेही मागितली तरी पिशवीभर मिळतील, उकळली की सोनेरी तपकिरी रंग येतो; डाळिंबाच्या सालीतून मातकट पिवळा मिळतो. रंगाच्या पाण्यात लिटरला चहाचा चमचाभर तुरटीची पूड विरघळवावी, तिच्यामुळे रंग धरला जातो. हळद आणि बीट यांचा मोह टाळावा, कारण त्यांचे रंग पश्चिमेच्या उन्हात थोड्याच दिवसांत उडून जातात. सोपटे रंगात तासभर ठेवून, निथळून, अर्धवट ओली असतानाच कामाला घ्यावीत. सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या पाकळ्या कापाव्यात, प्रत्येक पाकळीच्या मध्यावर अंगठा दाबून तिला खोलगट करावे, सोपटाचीच एक घट्ट गुंडाळी मध्यभागी धरून तिच्याभोवती आधी तीन आणि मग पाच पाकळ्या दोऱ्याने आवळून बांधाव्यात, आणि फूल सावलीत वाळू द्यावे. वाळताना पाकळ्यांच्या कडा आपोआप थोड्या आत वळतात आणि त्यांना खऱ्या फुलासारखा जिवंतपणा येतो. एका कड्याला अशी तीन मोठी आणि पाच लहान फुले पुरतात. पहिली दोन फुले ओबडधोबड झाली तर ती मागच्या थरात बसवावीत, टाकू नयेत.

तिसरा मार्ग कापडाचा. शिंप्याकडे ब्लाऊजच्या कापडाची, खणाची, सुती साडीच्या काठाची कातरणे असतात आणि ती तो आनंदाने देतो. पाच सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर लांब पट्टीच्या एका कडेला धावदोरा घालून तो ओढला की चुण्या पडतात. ती पट्टी गुंडाळत नेऊन तळाशी चार टाके घातले की फूल झाले. चकचकीत सॅटिनपेक्षा सुती आणि खणाचे कापड काड्यांच्या खरखरीत पोताशी जास्त जुळते. काठाची एक लांब पट्टी खाली सोडली तर तेवढीही शोभा पुरते. एकाच कड्यावर सोपट, कापड आणि वाळलेली फुले असे तिन्ही प्रकार घालू नयेत. कोणतेही दोन निवडावेत आणि रंगही दोन-तीनपेक्षा जास्त नसावेत.

पाडव्याच्या दिवसासाठी ताजी पालवी हवी असे आपण लिहिले आहे. ती जरूर लावावी, पण ती त्या दिवसापुरतीच आहे हे धरून लावावी. कडुलिंबाचा मोहोर संध्याकाळपर्यंत मान टाकतो. आंब्याची पाने एखादा दिवस टवटवीत राहतात आणि मग वळायला लागतात. म्हणून आंब्याची आणि कडुलिंबाची एकच भरगच्च जुडी सुतळीच्या सुटणाऱ्या गाठीने सातच्या जागी, कायमच्या सजावटीवर बांधावी, आणि दुसऱ्या दिवशी सोडून घ्यावी. साखरेची गाठी कड्यावर अडकवू नये, मुंग्या काड्यांत शिरल्या की निघत नाहीत. चौकटीवरचे तोरण आहे तिथेच राहावे. कडे हे दाराच्या फळीसाठी किंवा जाळीसाठी आहे आणि दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. फक्त तोरणाची लांब सर कड्यावर लोंबत असेल तर कडे हातभर खाली घ्यावे.

टांगण्यासाठी जाळीच्या दारावर इंग्रजी एस आकाराचा हूक आणि शिवाय मागून तारेची एक बांधणी करावी, म्हणजे दार आपटले तरी कडे उडत नाही. आतल्या लाकडी दारावर लावायचे असेल तर साडीच्या काठाची किंवा नाडीची पट्टी दाराच्या वरच्या कडेवरून पलीकडे नेऊन आतल्या बाजूने वरच्या कडेला दोन लहान चुका मारून बसवावी. दर्शनी पॉलिशला धक्का लागत नाही. दुहेरी चिकटपट्टी वापरू नये, ती उन्हात सुटते आणि सुटताना पॉलिश उचकटते. कड्याच्या मागच्या बाजूला, जिथे ते दाराला टेकते तिथे, जुन्या कापडाचे दोन तुकडे बांधावेत, नाहीतर काड्यांचे ओरखडे उठतात. सगळे मिळून वजन अर्ध्या किलोच्या आसपास राहिले तर या कोणत्याही पद्धतीत अडचण येत नाही.

खर्चाचा हिशेब आपण विशेष करून मागितला होता. दोन्ही जाडीच्या तारा, सुतळीचा गुंडा, दोऱ्याचे रीळ, तुरटी आणि एक हूक एवढ्याच गोष्टी विकत घ्याव्या लागतात, आणि त्या सर्व मिळून दीडशे रुपयांच्या आत बसतात. त्यातही तार आणि सुतळी आणखी दोन कड्यांना पुरून उरते. बाकीचे सगळे मागून आणि वेचून आणायचे आहे. वेळ मात्र लागतो. काड्या आणणे, धुणे, भिजवणे आणि वळणे यांत एक पूर्ण दिवस जातो, वाळायला तीन-चार दिवस, सोपटांच्या फुलांना दोन संध्याकाळी, आणि शेवटची बांधणी दोन-तीन तासांची. पाडवा मार्चमध्ये येत असेल तर तोवर बहुतेक बागांची छाटणी झालेली नसते; अशा वर्षी लवकर खुडा झालेल्या बागेत चौकशी करावी, किंवा यंदा मधुमालतीच्या वेलीवर काम भागवून द्राक्षाचे कडे एप्रिलमध्ये पुढच्या वर्षासाठी वळून ठेवावे.

देखभाल फारशी नाही. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने धूळ झाडावी, पाणी मारू नये. चिमण्या ओंब्यांतले दाणे टिपायला येतील, त्यांना येऊ द्यावे. रिकाम्या झालेल्या ओंब्याही तितक्याच छान दिसतात. मृगाच्या सरींपूर्वी कडे उतरवून सजावट सोडवावी, कारण दमट हवेत सोपटांवर आणि कापडावर बुरशी धरते. नुसते कडे एक दिवस उन्हात तापवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, धान्यात घालतो तसा कडुलिंबाचा वाळलेला पाला सोबत घालून माळ्यावर ठेवावे. सावलीतल्या दारावर असे कडे तीन-चार वर्षे सहज चालते, पश्चिमेच्या उन्हात दोन वर्षे धरून चालावे. काड्यांमधून भुगा पडायला लागला की ते मोडीत काढायचे. काड्या बागेतल्या खताच्या खड्ड्यात टाकता येतात, परंतु त्यापूर्वी तारेची प्रत्येक बांधणी कापून काढावी आणि तुकडे मोजून भंगारात द्यावेत, कारण कचऱ्याबरोबर गेलेली तार गुरांच्या पोटात जाते.